स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक

घरखर्चाचा विचार निघाला की गृहकर्जाचा हप्ता, घरभाडे, मुलांचे शिक्षण, विमा आणि प्रवास या बाबी प्रथम डोळ्यांसमोर येतात. त्या ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या रकमेने येत असल्यामुळे त्यांची तरतूदही वेळेवर होते. स्वयंपाकघराचा खर्च मात्र दररोज, थोडा थोडा आणि बहुधा नोंदीवाचून होत असतो. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार मासिक दरडोई खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर खर्च होते. या अन्नखर्चातही सर्वांत मोठा वाटा धान्याचा, दुधाचा किंवा भाजीपाल्याचा नसून पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा आहे. शहरी भागात तो एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या घरात जातो. तयार अन्नाला दिलेल्या या किमतीत पदार्थाच्या मोलाबरोबर वाचवलेल्या वेळेचेही मोल असते.

पैशाची ओढाताण निदान महिनाअखेरीस जाणवते. वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात, असे आढळले. नोकरीवरून परतलेल्या स्त्रीची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते, हे वाक्य नवे नाही. ती पाळी लहान कशी करता येईल आणि घरातील इतरांना तिच्यात सहभागी कसे करून घेता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

निर्णय कोणत्या वेळी होतो?

संध्याकाळी सात वाजता घरात पाऊल टाकल्यावर 'आज काय करायचे?' हा प्रश्न उभा राहिला, तर त्याचे उत्तर हमखास महाग पडते. कडधान्य भिजवलेले नसते, भाजी निवडलेली नसते आणि पोटात भूक असते. अशा वेळी बटाट्याची भाजी तरी होते किंवा फोन करून जेवण तरी मागवले जाते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय. कष्टात कमतरता नसते. निर्णयाची वेळ चुकलेली असते.

छोले किंवा राजमा यांचे उदाहरण घ्यावे. हे दोन्ही जिन्नस स्वस्त, पौष्टिक आणि सर्वांच्या आवडीचे. त्यांना आठ-दहा तास भिजावे लागते. परंतु त्या आठ-दहा तासांत माणसाचा वेळ लागतो तो केवळ दोन मिनिटांचा. आदल्या रात्री ती दोन मिनिटे खर्च झाली असतील, तर उरलेले काम कुकर करतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते; कुकरमधील वाढलेल्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि म्हणूनच कडधान्य लवकर शिजते. भिजवण्यामुळे इंधनही वाचते. इंधनबचतीसाठी कार्य करणाऱ्या पीसीआरए या संस्थेच्या सूचनांमध्ये धान्य भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, उकळी आल्यावर आच मंद करणे आणि कुकरचा वापर करणे यांचा समावेश असतो.

पाककृती डोक्यात, की कागदावर?

बँकेच्या शाखेत एखादा अधिकारी रजेवर गेला म्हणून शाखा बंद राहत नाही. कामाची पद्धत लिहिलेली असते, जबाबदाऱ्या वाटलेल्या असतात, तिजोरीच्या किल्ल्याही दोघांच्या ताब्यात असतात. बहुतेक घरांतील स्वयंपाकघर मात्र एकाच व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर चालते. डाळ किती उरली आहे, पीठ केव्हा दळायचे आहे, उद्याच्या डब्याला काय द्यायचे आहे, कोणाला तिखट चालत नाही, हे सारे तिच्या डोक्यात असते. ती आजारी पडली किंवा परगावी गेली की घरातील इतर सदस्य गोंधळून जातात. त्यांना मदत करायची नसते असे नाही. काय करायचे हे त्यांना ठाऊक नसते. विचारावे तर 'सांगण्यापेक्षा मीच करते' असे उत्तर मिळते आणि तेही अनुभवातून आलेले असते.

यावर उपाय साधा आहे. आठवड्याचा बेत कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावा. त्यात चार रकाने असावेत : वार, पदार्थ, आदल्या रात्रीची तयारी आणि ती कोणी करायची. 'बुधवार रात्र : राजमा दीड वाटी भिजत घालणे' एवढे लिहिलेले असेल, तर ते काम शाळकरी मुलालाही करता येते.

त्याबरोबरच मापेही लिहावीत. 'अंदाजाने मीठ' आणि 'मावेल तेवढी कणीक' ही मापे ज्याच्या हाताला ठाऊक आहेत, त्याच्यापुरतीच उपयोगी असतात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी आणि चमचा यांसारखी घरातलीच मापे वापरली, त्यामुळे नवख्या माणसालाही त्यावरून स्वयंपाक करता आला. प्रत्येक घराने आपल्या नेहमीच्या दहा-बारा पदार्थांची मापे एका वहीत उतरवून ठेवावीत. ही वही म्हणजे घराची कार्यपुस्तिका होय. शिक्षणासाठी वसतिगृहात गेलेल्या मुलामुलींना आणि बदलीच्या गावी एकट्याने राहणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तिचा आधार होतो.

प्रांतोप्रांतीची पूर्वतयारी

वेळ वाचवणारा स्वयंपाक ही नव्या युगाची कल्पना आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात भारतातील प्रत्येक प्रांताने त्याची व्यवस्था पूर्वीच लावून ठेवली आहे. बदलीच्या निमित्ताने देशभर फिरणाऱ्या कुटुंबांना ती जवळून पाहायला मिळते.

दक्षिणेकडील घरांत एकदा वाटलेले पीठ अनेक दिवस उपयोगी पडते. पहिल्या दिवशी त्याची इडली होते, पुढे डोसे आणि पीठ अधिक आंबले की कांदा-टोमॅटो घालून उत्तप्पे किंवा आप्पे. पंजाबी स्वयंपाकात कांदा, टोमॅटो, आले आणि लसूण परतून केलेला मसाला हा अनेक भाज्यांचा पाया असतो. तो एकदाच अधिक प्रमाणात करून ठेवला, तर राजमा, छोले, मटार-पनीर किंवा अंड्यांचा रस्सा यांपैकी काहीही अल्पावधीत होते. गुजरातचे ठेपले प्रवासातही टिकतात. ओडिशातील डालमा या पदार्थात डाळ आणि भाज्या एकाच भांड्यात शिजतात. वेगळ्या भाजीची गरज उरत नाही. बिहारमधील सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. पाणी, मीठ, लिंबू आणि कांदा घातला की न शिजवता पोटभरीचे पेय तयार होते. महाराष्ट्रातील भाजणी, मेतकूट, दाण्याचे कूट आणि कोरड्या चटण्या यांच्यामागेही हाच विचार आहे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी 'पुरुमेंत' म्हणून वर्षाची बेगमी केली जाते, त्यात सुके मासे, सोले, कडधान्ये यांचा साठा असतो.

या सर्वांमागील सूत्र एकच आहे : सवडीच्या वेळी केलेले श्रम घाईच्या वेळी वापरता यावेत अशा रूपात साठवून ठेवणे. आवर्ती ठेवीचे तत्त्वही याहून निराळे नाही.

आठवड्याचा एक नमुना

पतिपत्नी दोघेही नोकरी करणारे आणि दोन मुले शिकणारी, अशा चौघांच्या कुटुंबासाठी रात्रीच्या जेवणाचा एक नमुना पुढे दिला आहे. तो जसाच्या तसा स्वीकारण्यासाठी नाही. एका दिवसाची तयारी दुसऱ्या दिवसाला कशी उपयोगी पडते, हे दाखवण्यासाठी आहे. शनिवारी दुपारी तांदूळ आणि उडीदडाळ भिजवून संध्याकाळी इडलीचे पीठ वाटावे. त्याच रात्री मटकी भिजत घालावी.

रविवार : सकाळी इडली-चटणी. मटकी उपसून फडक्यात बांधावी. दुपारी एक-दीड तास सर्वांनी मिळून तयारी करावी : कांदा-टोमॅटोचा मसाला, आले-लसणाचे वाटण, दाण्याचे कूट, खोवलेले खोबरे, निवडलेली पालेभाजी. रात्रीचा स्वयंपाक मुलांच्या आवडीचा.

सोमवार : मोड आलेल्या मटकीची उसळ, पोळी, काकडीची कोशिंबीर. उसळ थोडी अधिक करावी. ती मंगळवारच्या डब्याला होते.

मंगळवार : डाळ-पालक, भात, पोळी. डाळ दुप्पट शिजवावी. निम्म्या डाळीला फोडणी न देता ती गार करून फ्रिजमध्ये ठेवावी.

बुधवार : रविवारच्या उरलेल्या पिठाचे डोसे किंवा उत्तप्पे आणि मंगळवारच्या डाळीचे सांबार. रात्री राजमा भिजत घालावा.

गुरुवार : राजमा-भात आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर. मसाला रविवारीच तयार झालेला असतो. राजमा पूर्ण शिजला आहे याची खात्री करावी. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो.

शुक्रवार : भाज्या घातलेली मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, भाजलेला पापड. आठवड्याच्या शेवटी थकवा अधिक असतो, म्हणून या दिवशी कुकर एकदाच चढवावा.

शनिवार : भाजणीचे थालीपीठ, दही, चटणी. आठवड्यातील उरलेला कोबी, गाजर, मेथी थालीपिठात संपवावी.

सामिष आहार घेणाऱ्या घरांत गुरुवारच्या मसाल्यात राजम्याऐवजी अंडी घातली तरी बेत बिघडत नाही. त्याचप्रमाणे एखादा दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा. पाहुणे येतात, कार्यालयात उशीर होतो, कधी सर्वांनाच बाहेर जेवावेसे वाटते. ज्या अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद नसते ते पहिल्याच महिन्यात कोलमडते. बेताचेही तसेच आहे.

एका जेवणाचा हिशेब

घरचे जेवण स्वस्त पडते असे सर्वजण म्हणतात. परंतु ते किती स्वस्त पडते, हे फार थोड्यांनी मोजलेले असते. चौघांच्या एका साध्या जेवणाचा हिशेब पुढे मांडला आहे. त्यातील दर केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

तूरडाळ १५० ग्रॅम (किलोस १५० रुपये) : २२.५० रुपये
तांदूळ २०० ग्रॅम (किलोस ६० रुपये) : १२ रुपये
कणीक ३०० ग्रॅम (किलोस ४० रुपये) : १२ रुपये
भाजी व कोशिंबीर ८०० ग्रॅम (किलोस ५० रुपये) : ४० रुपये
दही २५० ग्रॅम (किलोस ८० रुपये) : २० रुपये
तेल ४० ग्रॅम (किलोस १५० रुपये) : ६ रुपये
मसाले, गूळ, इंधन इत्यादी : १५ रुपये

एकूण १२७.५० रुपये, म्हणजे माणशी सुमारे ३२ रुपये. या हिशेबाशेजारी घरात शेवटच्या वेळी बाहेरून मागवलेल्या जेवणाचे बिल मांडून पाहावे. आठवड्यातून दोनदा जेवण मागवणाऱ्या कुटुंबाने ते एकदाच मागवले आणि घरच्या जेवणाचा खर्च वजा जाता प्रत्येक वेळी ४०० रुपये वाचले असे धरले, तर ५२ आठवड्यांत २०,८०० रुपये शिल्लक राहतात. दरमहा ही रक्कम सुमारे १,७०० रुपये होते. ती बचत खात्यात तशीच राहू दिली तर केव्हा खर्च झाली हे कळणारही नाही. त्याच रकमेची आवर्ती ठेव सुरू केली तर वर्षअखेरीस शाळेचे शुल्क किंवा विम्याचा हप्ता तीतून भागू शकेल.

खरेदी आणि साठा

बेत आधी आणि यादी नंतर, हा क्रम मोडू नये. भाजी बाजारात दिसली म्हणून घेतली आणि घरी आल्यावर तिचे काय करावे हा विचार सुरू झाला, तर तिचा काही भाग हमखास वाया जातो. फेकून दिलेली अर्धा किलो मेथी कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, तरी ती खर्चच असते.

डाळी, तांदूळ, गहू, तेल यांसारखे टिकाऊ जिन्नस महिन्यातून एकदा. कांदे-बटाटे पंधरवड्यातून एकदा आणि पालेभाज्या आठवड्यातून दोनदा आणणे सोयीचे पडते. नवा जिन्नस डब्यात भरताना जुना वर आणावा आणि प्रथम वापरावा. मोठे पाकीट स्वस्त असते हे खरे. पण ते संपण्यापूर्वीच त्यात पोरकिडे होणार असतील तर ती स्वस्ताई फसवी ठरते. भाजी हंगामाची आणि त्या गावची घ्यावी. बदली होऊन गेलेल्या कुटुंबाने जुन्या गावच्या भाज्यांचाच आग्रह धरला, तर पैसा अधिक जातो आणि नव्या गावची चव मात्र अनोळखीच राहते.

याखेरीज प्रत्येक घरात 'अडीअडचणीचा डबा' असावा. त्यात पोहे, रवा, मुगाची डाळ, भाजणी, सत्तू, दाण्याचे कूट आणि फ्रिजमध्ये अंडी असली, की कितीही उशीर झाला तरी पाऊण तासाच्या आत गरम जेवण पानावर येते.

पोषण आणि सुरक्षितता

बचत करताना पानातील सकसपणा कमी होता कामा नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २,००० किलोकॅलरीच्या आहारासाठी एक नमुना दिला आहे. त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासे, मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर अशी प्रमाणे आहेत. वय आणि श्रम यांनुसार ती बदलतील. तथापि चार प्रौढांच्या घरात दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी लागते, हे या आकड्यांवरून लक्षात येते. काटकसर करताना पहिली कात्री बहुधा भाजीवर आणि डाळीवर चालते आणि पानात भात-पोळीचेच प्रमाण वाढते. बेत लिहिताना ही बाब ध्यानात ठेवावी.

आधी करून ठेवलेल्या अन्नाला काही पथ्ये पाळावी लागतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. भाताच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने पाळावे. उथळ भांड्यात काढून ते लवकर गार करावे आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. पुन्हा गरम करताना ते वाफ येईपर्यंत सर्व बाजूंनी तापवावे आणि लागेल तेवढेच बाहेर काढावे. भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, चिरल्यानंतर नव्हे. फरसबी, गाजर, कोबी आदल्या रात्री चिरून ठेवता येतात. बटाटे आणि वांगी काळी पडतात, म्हणून ती आयत्या वेळी चिरावीत. फार आधी चिरलेल्या भाजीतील क जीवनसत्त्वही घटते. वेळ वाचवायचा तो निवडणे, सोलणे आणि भिजवणे या कामांत.

आरंभ कसा करावा?

एकदम सात दिवसांचा बेत आखण्याची गरज नाही. पहिल्या आठवड्यात फक्त नोंद ठेवावी : काय शिजले, काय मागवले, काय वाया गेले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात किती वेळ गेला. दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते बुधवार एवढाच बेत लिहावा. तिसऱ्या आठवड्यात आदल्या रात्रीच्या तयारीच्या रकान्यात घरातील प्रत्येकाचे नाव घालावे. महिना संपल्यावर पहिल्या आठवड्याच्या नोंदीशी तुलना करावी. नियोजनाचा लाभ आपल्याच आकड्यांत दिसला की ते टिकते.

या प्रयत्नातून महिन्याला हजार-दीड हजार रुपये वाचतील, कदाचित अधिकही. परंतु चौथ्या रकान्यातील नावे बदलू लागली, की त्याहून मोठी बचत सुरू झाली असे समजावे. ज्या घरात मुलगा मटकीला मोड आणतो, वडील कुकर लावतात आणि मुलगी बाजाराची यादी करते, त्या घरातील स्त्रीला दिवसाकाठी अर्धा तास तरी स्वतःसाठी मिळतो. हा अर्धा तास कोणत्याही ताळेबंदात जमेच्या बाजूला लिहिला जात नाही. त्याची किंमत मात्र घरातील प्रत्येकाला कळते.